सुखाचा पाया

सुखाला वजन असतं, हे तत्त्वज्ञानाच्या कुठल्या ग्रंथात सांगितलेलं मला आढळलं नाही. ते मला एका गवंड्याने सांगितलं, आणि तेही किलोत.

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचं गाव आहे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. माणसं येतात, अंग शेकतात, गुडघ्यांना आशा दाखवून परत जातात. आमच्या मेहुण्यांनी निवृत्तीनंतर याच पंचक्रोशीत बंगला बांधला आणि अंगणात गरम पाण्याचा टब बसवायचं ठरवलं. देवाने शेजारीच पाणी तापवून ठेवलेलं असताना विजेवर कशाला तापवायचं, असं मी विचारलं. "तिथे सगळेच येतात हो," ते म्हणाले. माणूस श्रीमंत झाला की त्याला पहिल्यांदा सगळ्यांचा त्रास होऊ लागतो.

टब ठेवायचा म्हणजे चार फरशा टाकल्या की झालं, असा मेहुण्यांचा हिशेब. म्हातारा गवंडी ऐकेना. "सायेब, पाणी किती मावतं?" दीड हजार लिटर. म्हणजे दीड टन. त्यात टबाचं वजन आणि खात्यापित्या घरची चार-पाच माणसं. एकूण दोन टन. सिमेंटची चाळीस पोती म्हणा! आणि एक कोपरा जरी खचला तरी पाणी तिकडे धावणार, भार तिकडे वाढणार आणि टबाला तडा जाणार.

मग त्याने भुसभुशीत माती काढली. मुरूम थराथराने पसरला, पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकला. त्यावर दगडांचं सोलिंग, सळयांची जाळी, काँक्रीट. पाणसळ लावून चारी कोपरे पाहिले आणि पुढे आठवडाभर पाणी मारलं. मेहुणे रोज म्हणत, "अहो मामा, हे सगळं झाकलंच जाणार ना?" मामा म्हणत, "म्हून तर."

या दोन शब्दांनी माझी झोप उडवली. जे कुणाला दिसणार नाही ते चोख का करावं? भीतीपोटी म्हणावं, तर खचेपर्यंत गवंडी कुठल्या कुठे गेलेला असतो. नावलौकिकासाठी म्हणावं, तर फरशीखालच्या मुरुमाचं कौतुक कोण करतो? स्वतःच्या सुखासाठी तर नाहीच. त्या टबात त्याला कुणी बसवणार नव्हतं. निष्काम कर्मयोग म्हणावा, तर शनिवारची मजुरी तो रुपया न् रुपया मोजून घेई. मला वाटतं, ज्यांचं तोंडही आपण पाहणार नाही, ती माणसं आपल्या कामावर विसंबून पाय टाकणार आहेत, एवढीच जाणीव त्यामागे असावी. नीती म्हणतात ती बहुधा हीच.

महाडकरांना हे वेगळं सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला. एसटीच्या दोन गाड्या त्याबरोबर गेल्या. २४ ऑगस्ट २०२० ला शहरातली पाच मजली इमारत कोसळली, सोळा माणसं गेली. त्या गाड्यांत बसताना कुणी पुलाचे खांब तपासले नव्हते, आणि त्या घरांत राहायला जाताना कुणी खांब फोडून पाहिले नव्हते. कुणीच पाहत नाही. आपण सगळे आयुष्यभर अनोळखी माणसांच्या प्रामाणिकपणावर निर्धास्त झोपतो.

सवच्या झऱ्याचं तरी काय? पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, जमिनीच्या पोटात तापतं आणि वर येतं. वर दिसतात त्या वाफा. खरं काम खाली, अंधारात झालेलं असतं.

मेहुण्यांच्या टबाचा पाया अजून रेसभर हललेला नाही. मेहुणे मात्र पाहुण्यांना टबाच्या रंगाबद्दल सांगतात. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. चांगल्या पायाची खूण एकच, त्याची कुणाला आठवण येत नाही.