ग्रंथ छापला, पुढे काय?

ग्रंथ छापून निघाला की ग्रंथकर्त्याचे दैन्य फिटते, असा पुष्कळांचा समज आहे. जिवतीच्या डोंगरातील लिहिणारी मुलेही आम्हांस हेच विचारतात. त्यांनी अण्णा भाऊ साठे यांचे चरित्र पाहावे.

१९२० साली वाटेगावी जन्म. शाळा जवळजवळ नाहीच. घरच्यांसह पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले, पोवाडे गायिले, चिरागनगरच्या झोपडीत बसून लिहिले. १९५९ साली 'फकिरा' कादंबरी निघाली. १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले, त्याच साली रशियाचा प्रवास घडला. आणि १९६९ साली, वयाच्या ४९व्या वर्षी, गोरेगावी देह ठेवला तो विपन्नावस्थेतच! वारणाकाठचा फकिरा घरोघरी पोहोचला. त्याच्या कर्त्याच्या घरची चूल मात्र तशीच राहिली.

यावर कोणी पंडित म्हणेल, 'महाराज, फलाशा सोडावी असे गीताच सांगते ना?' होय, सांगते. पण ते कर्म करणाऱ्यास. घेणाऱ्याने दुसऱ्याचे फळ बुडवावे, असे गीता कोठे सांगते? कीर्तनाचे मोल घेऊ नये हा आमच्या संप्रदायाचा नेम. पण तो कीर्तनकाराने स्वतःस लावून घ्यावयाचा. दुसऱ्याच्या रिकाम्या ताटापुढे बसून त्यागाचा उपदेश करणे हा धर्म नव्हे.

म्हणून लिहिणाऱ्याने छापण्याची वाट न पाहता लिहावे, आणि वाचणाऱ्याने ग्रंथ विकत घेऊन वाचावा. दोघांचे धर्म वेगळे. ज्याने त्याने आपापला पाळावा.