नकलेची दुरुस्ती

कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हे आम्हाला कोणी शिकवलं ते आता सांगता येणार नाही. भोरमध्ये मारत होते, वेल्ह्यात मारत होते, आणि पुढे पुण्याला शिकायला गेल्यावर कळलं की तिथली मुलंही मारत होती. फुंकली, दाबून परत बसवली, की पडद्यावर मारिओ यायचा. त्यामुळे फुंकरीत गुण आहे अशी आमची श्रद्धाच बसली होती. पुष्कळ वर्षांनी तशी एक कॅसेट उघडून भिंगाखाली धरली, तेव्हा तिच्या पट्टीवरच्या सोनेरी दातांवर हिरवट-काळा थर दिसला. कॅसेट काढून परत बसवताना हे दात घासले जायचे आणि तेवढ्यापुरता संपर्क जुळायचा. गुण काय तो त्या घासण्याचा होता. फुंकरीने तोंडातली वाफ मात्र आत जात होती. ज्याला आम्ही उपचार समजलो, त्यानेच थोडा थोडा गंज चढवला.

ही कॅसेट मिळाली आत्याच्या माळ्यावर. आत्या वेल्ह्यात राहते, तोरण्याच्या पायथ्याला. किल्ल्यावर महाराजांना धन सापडलं आणि त्यातून राजगड उभा राहिला, असं आमच्याकडे सांगतात. मला सापडलं ते खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेलं एक खोकं. आत मूळचा पांढरा पण आता जुन्या दातांसारखा पिवळा पडलेला टीव्ही गेम, दोन रिमोट, त्यातल्या एकाची वायर उंदराने कुरतडलेली, एक बंदूक, अडॅप्टर आणि तीन कॅसेटी. आत्या म्हणाली, "ने बाबा तुझं ते. निम्मं उंदरांनी खाल्लंय, उरलेलं तू खा."

हा गेम आतोबांनी 1996 च्या दिवाळीत पुण्याहून आणला होता, तापकीर गल्लीतून. सुट्टीत मी भोरहून यष्टीने कापूरहोळ, तिथून चेलाडी फाटा आणि मग नसरापूरवरून वेल्हे असा उड्या मारत जायचो, तो या खोक्यासाठी. आत्याला वाटायचं, भाचा मायेचा आहे.

मी गेली काही वर्षं असे जुने गेम गोळा करतो, उघडतो, जमेल तसे चालू करतो. या छंदातली जगभरची मंडळी एक प्रश्न पहिल्यांदा विचारतात: अस्सल आहे का? आमच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर अवघड आहे. 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीचा 'फॅमिकॉम' बाजारात आला. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली तो घडला. त्याच्या पोटात फक्त 2 किलोबाइट काम करायची स्मृती होती. आजच्या मोबाइलमधला एक साधा फोटो त्यात मावणार नाही. भारतात तेव्हा ही कंपनी स्वतः दुकान थाटून बसलेली नव्हती. आपल्याकडे आल्या त्या फॅमिकॉमच्या नकला. तैवानमध्ये त्याच कामाच्या चिप बनू लागल्या, मग त्यावर हव्या त्या नावाचं खोकं चढवायचं. आमच्या खोक्यावर एक चकचकीत इंग्रजी नाव होतं. ते नाव त्या गेमच्या कुठल्याच भागाचं नव्हतं.

हे केवळ आपल्याकडे घडलं असंही नाही. रशियात 1992 मध्ये 'डेंडी' नावाने अशीच नक्कल आली आणि तिथल्या एका पिढीचं बालपण तिने व्यापलं. पोलंडमध्ये 'पेगासस' होता. या देशांतल्या माणसांना अस्सल फॅमिकॉम दाखवला, तर त्यांना तोच परका वाटेल. माझंही तसंच आहे. मी पहिल्यांदा खरा फॅमिकॉम हातात घेतला तेव्हा जाणवला तो आदर. ओळख काही पटली नाही. ओळख पटली ती आत्याच्या माळ्यावर.

तर या नकलेची दुरुस्ती. वरचं झाकण काढलं. पाटीच्या मध्यभागी डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका. बहुतेक सगळी अक्कल त्याच्याखाली, एकाच चिपमध्ये. ती गेली तर कुणाचंच काही चालत नाही. बदलायला पाय नाहीत, वाचायला नंबर नाही. बाकी सगळं हाताने करण्याजोगं. वीज घेण्याच्या जागेजवळचा मोठा कंडेन्सर डोक्यावर फुगला होता, तो बदलला. पट्टीचे दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. वेल्ह्याच्या पावसात जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल धरतात, तिथे तांब्याची काय कथा! रिमोटच्या बटणाखालचं रबर काढून धुतलं आणि कुरतडलेली वायर मधूनच तोडून जोडली.

आणि मग नजर गेली ती रेग्युलेटरवर. अडॅप्टरमधून येतात 9 व्होल्ट, आतल्या चिपला हवेत 5. मधला फरक हा तीन पायांचा रेग्युलेटर उष्णता करून टाकून देतो, म्हणून तो तापतो आणि त्याच्या पाठीला धातूचा पत्रा लागतो. इथे कारखान्यातला पत्रा नव्हताच. त्या जागी ॲल्युमिनियमचा एक तुकडा होता, हाताने कापलेला, कडा कानशीने घासलेल्या, मधोमध भोक पाडून नटबोल्टने आवळलेला. त्याच्या शेजारी पाटीवरची तुटलेली वाट जोडणारी एक लाल वायर, आणि तिच्या दोन्ही टोकांना वाटाण्याएवढे डाग. पुस्तकी नजरेने पाहिलं तर ओबडधोबड काम. पण पंचवीसहून जास्त वर्षांनी त्यातला एकही डाग सुटला नव्हता.

मला आठवलं. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात गेम बंद पडला होता आणि आतोबांनी तो भोरच्या बाजारपेठेत एका टीव्ही-रेडिओवाल्याकडे टाकला होता. तो माणूस अजून आहे. दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात, कोपऱ्यात मात्र टेस्टर आणि सोल्डरची गन आहे. मी पाटी त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "काका, हे तुमचं काम का?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तुकडा पाहिला. "असेल. तेव्हा असले शंभर आले असतील." मग जरा थांबून, "पैसे दिले होते ना तेव्हा?" दिले असावेत, मी म्हटलं. "मग काय तक्रार आहे?" तक्रार नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला. निघताना त्यांनी एका ॲम्प्लिफायरसाठी लागणारी आयसी पुण्यात मिळते का बघायला सांगितलं. मी जी गोष्ट जपून रुमालात बांधून नेली होती, ती त्यांच्या लेखी एका मंगळवारचं काम होतं.

पण घरी आल्यावर प्रश्न उरलाच. मूळ रूपात आणायचं तर ही लाल वायर आणि तो तुकडा काढायला हवा. नवा, नीटस पत्रा काही रुपयांत मिळतो. काढायचा का?

आमच्या भागात जुन्याची डागडुजी हा विषय नवा नाही. राजगड 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेला. गडावर कामाला जाणाऱ्या पोरांना विचारा, ते पहिली गोष्ट सांगतील: जुन्या भिंतीला सिमेंट लावू नका, चुना वापरा. सिमेंट दगडाहून हट्टी असतं, ते ओल आत कोंडतं आणि शेजारचा चांगला दगड फुटतो. चुना मऊ, श्वास घेणारा; झिजायचं झालं तर आधी तो झिजतो, दगड राहतो. दुरुस्तीने मुळापेक्षा नमतं घ्यावं आणि पुढच्या माणसाला ती काढता यावी, हा नियम मी किल्ल्यावरून घेतला आणि पाटीवर लावला.

तो लावण्याआधी मी पुरेसं नुकसान करून बसलो होतो. सुरुवातीला जुन्या बाजारातून आणलेल्या एका गेमला हाताला लागला तो अडॅप्टर जोडला. पिन बसली म्हणजे जमलं असं समजलो. काही अडॅप्टरमध्ये पिनेच्या मधोमध धन असतं, काहींत ऋण. अर्ध्या मिनिटात जळका वास आला आणि तो काळा ठिपका कायमचा गप्प झाला. दुसऱ्या गेमचं पिवळेपण घालवायला पार्लरच्या सामानाच्या दुकानातून केसांना लावायचं हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम आणलं, खोक्याला फासलं आणि गच्चीवर उन्हात ठेवलं. दोन तास दुर्लक्ष झालं. खोकं पांढरं झालं खरं, पण जिथे क्रीम वाळलं तिथे ढगांसारखे डाग कायमचे उमटले. प्लास्टिक पेटू नये म्हणून घातलेली ब्रोमीनची रसायनं त्या पिवळेपणाला कारण होतात असं मानतात, आणि एकदा घालवलं तरी ते काही वर्षांनी हळूहळू परत येतं. तेव्हापासून मी रंगाच्या मागे लागत नाही. आत्याचा गेम साबणाच्या पाण्याने धुतला आणि पिवळाच ठेवला.

बदल मात्र एक केला. हा गेम टीव्हीच्या अँटेनाच्या तोंडाला जोडायचा. मग चॅनेलचा खुंटा फिरवत मुंग्यांमधून चित्र शोधायचं. नव्या टीव्हीवर ते चित्र फारच केविलवाणं येतं. म्हणून अँटेनाच्या डबीत शिरण्याआधीच पाटीवरून चित्राचा आणि आवाजाचा सिग्नल उचलला, एका ट्रान्झिस्टरने चित्राला थोडं बळ दिलं आणि पिवळ्या-पांढऱ्या पिना बाहेर काढल्या. खोक्याला नवं भोक पाडलं नाही. अँटेनाची वायर जिथून निघायची त्याच भोकातून नव्या वायरी काढल्या. जुनी डबी आत जागच्या जागी आहे. उद्या कुणाला मुंग्याच हव्या असतील तर दोन डाग सोडवून त्या परत आणता येतील.

काही जण आतलं सगळं काढून तिथे बोटभर संगणक बसवतात. हजारो गेम, लखलखीत चित्र. मला ते पाहिलं की पेठेतले वाडे आठवतात: मागचे चौक पाडायचे, दर्शनी दरवाजा ठेवायचा आणि त्याच्यामागे सात मजले चढवायचे. राहणाऱ्याची सोय होते, यात वाद नाही. फक्त त्याला वाडा म्हणू नये.

मग हे सगळं मोबाइलवर फुकट चालत असताना जुनं खोकं कशाला, असं आत्येभाऊ विचारतो. दादाचं म्हणणं बरोबर आहे. मारिओ जपला जाण्यासाठी माझी गरज नाही. पण बंदुकीचं बघा. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड पकडतो. हे जुळतं ते जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर, जिथे चित्र रेघेरेघेने रंगतं. सपाट टीव्हीवर चित्र उशिरा येतं, डोळ्याला हवी तशी उजेडाची लय मिळत नाही, आणि बंदूक आंधळी होते. दादाच्या मुलाने गेल्या गणपतीत ती चालवून पाहिली. बदकं हसत उडत राहिली. "काका, बंदूक बिघडलीय," तो म्हणाला. बंदूक ठीक होती. गोठ्याशेजारच्या खोलीत पडलेला चौदा इंची टीव्ही आणून लावला, तेव्हा पहिल्याच चापाला बदक पडलं. एक वस्तू जपायची तर तिच्या शेजारची दुसरीही जपावी लागते, हे मोबाइलवर कळलं नसतं.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात मी दरवर्षी एकदा जातो. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं आणि 1975 मध्ये सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. तिथल्या बहुतेक अडकित्त्यांवर कारागिराचं नाव नाही. तो अस्सल कुणाचा, हा प्रश्नच तिथे पडत नाही. तो कुणाच्या तरी हातात चालला होता, एवढं पुरतं.

2024 मध्ये सरकारने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. चेलाडी फाट्यावर उभं राहून विचारलंत तर लोक अजून वेल्ह्याचीच गाडी दाखवतात. आमच्या गेमवरचं इंग्रजी नाव तर केव्हाच पुसलं गेलं आहे, आणि मी ते परत रंगवलं नाही.

तुमच्याही माळ्यावर असं खोकं असेल. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उतरवा. लगेच वीज जोडू नका. अडॅप्टरचं धन-ऋण आधी मीटरवर बघा. फुंकर तर मुळीच मारू नका. आणि काही बदललंत तर आत लिहून ठेवा. माझ्या चिठ्ठीवर तारीख आहे आणि खाली तीन ओळी: मोठा कंडेन्सर बदलला. चित्राची वायर नवी, अँटेनाची डबी आतच आहे. रेग्युलेटरचा पत्रा आणि लाल वायर भोरची, 1997; काढलेली नाही.