कामाची वाटणी कोण करतं?

सूत तुटलं की दोष कातणाऱ्याच्या हाताला लागतो. हात जड आहे, लक्ष नाही, सवय नाही. पण चरख्यावर बसणाऱ्या कुणालाही विचारा, तो आधी पेळू, म्हणजे कातायला घेतलेली पिंजलेल्या कापसाची वळी, दाखवील. कापूस गाठीत दाबून आलेला असेल, पिंजण नीट झाली नसेल, सरकीचा चुरा तसाच राहिला असेल, तर कसलेल्या हातालाही सलग धागा येत नाही. पेळू एकानं करायचा, सूत दुसरीनं कातायचं आणि कस तिसऱ्यानं तपासायचा अशी वाटणी झाली, की बिघाड एका जागी होतो आणि बोलणी दुसऱ्याच जागी बसतात.

कामाच्या ठिकाणी माणूस कसा आणि का वागतो, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला संघटनात्मक मानसशास्त्र म्हणतात. व्यवस्थापनाच्या वर्गात ते अमेरिकेपासून सुरू होतं. फ्रेडरिक टेलरनं १९११ साली पुस्तक लिहून कामाचं शास्त्र मांडलं: विचार साहेबानं करायचा, हालचाल मजुरानं करायची आणि ती घड्याळ लावून मोजायची. मग शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. तिथला टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्या १४ जणांचा गट मला फार महत्त्वाचा वाटतो. जास्त काम केलं तर जास्त पैसे मिळणार होते, तरी त्यांनी दिवसाला किती काम करायचं हे आपसात ठरवून घेतलं होतं. जो पुढे धावेल त्याला ते गप्प बसवत. आज जास्त केलं तर उद्या दर कापला जाईल, ही भीती त्यामागे होती. त्याला आळस म्हणणं चूक आहे. अविश्वासाच्या जागी शहाण्या माणसांनी केलेला तो हिशेब होता.

त्याच सुमारास वर्ध्यात याच प्रश्नावर काम चाललं होतं. इथल्या माणसांनी त्याला मानसशास्त्र म्हटलं नाही, म्हणून अभ्यासक्रमात त्याची नोंद नाही. ही नोंद व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, त्याचं काम सुरू झालं. सूत्रं जे. सी. कुमारप्पांच्या हाती होती. हे गृहस्थ हिशेबतपासनीस, अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकलेले. कारखानदारी त्यांना ऐकून नव्हे, आकड्यांतून माहीत होती. त्यांचं म्हणणं असं होतं की प्रत्येक कामात दोन भाग असतात. एक घासाघिशीचा, तोच-तो, अंग मोडणारा. दुसरा शिकण्याचा, ठरवण्याचा, मन वाढवणारा. संपूर्ण कामात हे दोन्ही एकमेकांना धरून असतात. कामाचे बारीक तुकडे केले की घासाघीस एकाच्या वाट्याला जाते आणि ठरवण्याचा आनंद दुसऱ्याच्या. मग पहिल्याला संध्याकाळी करमणूक लागते आणि दुसऱ्याला देखरेख करणारा माणूस लागतो. अन्न शरीराला जे करतं ते काम माणसाच्या अंगच्या शक्तींना करतं, असं ते मांडत. पुढे शूमाखर या अर्थतज्ज्ञानं बौद्ध अर्थशास्त्रावरच्या निबंधात कुमारप्पांचा हाच विचार उद्धृत केला आणि जगानं तो शूमाखरच्या नावानं वाचला.

मगनवाडीत हा विचार नुसता कागदावर राहिला नाही. झवेरभाई पटेलांनी तिथे तेलघाणी सुधारली. ‘वर्धा घाणी’ या नावानं ती देशभर ओळखली गेली. एका घाण्यातून तेल जास्त निघावं, पण बैलाचे आणि तेल्याचे कष्ट कमी व्हावेत, आणि घाणी तेल्याच्याच ताब्यात राहावी, अशा अटींवर ती घडवली होती. आजचे तज्ज्ञ कामाची रचना माणसाला अनुकूल करण्याविषयी मोठमोठे अहवाल लिहितात. त्यांनी मगनवाडीतल्या मगन संग्रहालयात जाऊन जुनी अवजारं पाहावीत. तिथल्या घाणीला नुसता नमुना समजून पुढे न जाता, बैलाच्या खांद्यावरचा भार कुठे येतो, माणसाचा हात किती वेळा लागतो, हे बघावं.

वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबा दुसऱ्या टोकानं याच प्रश्नाला भिडत होते. दिवसभर सूत कातायचं आणि कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तेवढ्यावरच जगून पाहायचं, असा त्यांचा प्रयोग. त्या मजुरीत पोट भरत नाही, हे त्यांनी स्वतःच्या देहावर तपासलं. १९३५मध्ये चरखा संघानं आठ तासांच्या कामाला पोटापुरती मजुरी द्यायचं धोरण घेतलं, तेव्हा खादी महागेल, खप पडेल, अशी काळजी अनेक कार्यकर्त्यांना होती. तरीही ते धोरण घेतलं गेलं. मला यातली क्रमवारी मोलाची वाटते: आधी मजुरी, मग कामातला आनंद. प्रेरणेवर भाषण देणारे पाहुणे बहुधा दुसऱ्या पायरीवर उभे राहून पहिलीबद्दल बोलत नाहीत.

कातणाऱ्यानं सरकी काढणं, पिंजणं, पेळू करणं स्वतःच शिकावं, हा आग्रहही याच काळात वाढला. सलाई-पटरी आणि तुनाई या कापूस हातानं तयार करण्याच्या साध्या पद्धती वर्ध्याच्या आश्रमांत रुजल्या. १९३७च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम निघाली, तिच्यातही मुलानं कापसापासून कापडापर्यंतची सगळी वाट चालावी अशी कल्पना होती. बिघाड कुठे झाला ते ज्याचं त्याला कळतं, आणि सुधारणाही त्याच्याच हातात राहते.

सगळं काम एकाच हाती असावं या विचाराला पुढे एका गिरणीतून पुष्टी मिळाली. १९५३मध्ये अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत ए. के. राइस या इंग्रज संशोधकानं पाहिलं की नवे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन वाढत नाही. मागांच्या एका खात्यात १२ प्रकारची कामं वेगवेगळ्या माणसांत वाटली होती. कोण कुणाला जबाबदार, हेच स्पष्ट नव्हतं. सात-सात जणांच्या गटाला ठरावीक माग सोपवावेत, असं त्यानं सुचवलं आणि माणसं निवडून गट कामगारांनी स्वतः बांधले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. माणसं तीच होती, माग तेच होते. दीड दशकानंतर पाहणी झाली तेव्हा काही ठिकाणी ही पद्धत टिकली होती, काही ठिकाणी जुनी वाटणी परत आली होती. रचना बदलली की माणूस बदलतो, हे खरं. पण रचना राखायलाही कुणीतरी लागतं.

आश्रमांना देव्हाऱ्यात बसवण्याचं मात्र कारण नाही. सगळं काम सगळ्यांनी करायचं हे ऐकायला गोड आहे, पण जिथे एका थोर माणसाचं मत सगळ्यांवर भारी असतं, तिथे ‘मला जमत नाही’ म्हणणं अवघड होतं. अडचण बोलून दाखवता येणं ही चांगल्या कामाची अट आहे. रुग्णालयांच्या अभ्यासात संशोधक एमी एडमन्डसन यांना चांगल्या पथकांकडूनच चुकांच्या नोंदी जास्त आल्याचं आढळलं होतं, कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरानं या अडचणीवर शोधलेला मार्ग मला धाडसी वाटतो. १९५९मध्ये धाम नदीकाठी विनोबांनी स्त्रियांचा हा आश्रम सुरू केला आणि निर्णय सर्वसंमतीनं घ्यायची रीत तिथे पडली. एकीचा नकार असेल तर निर्णय थांबतो. वेळ जातो, हे मान्य. पण गप्प बसलेल्या बहिणीचं मत विचारावंच लागतं.

आश्रमात माणूस आपखुशीनं येतो. नोकरीत तसं नसतं, आणि सेवेच्या नावाखाली चालणाऱ्या नोकरीत तर मुळीच नसतं. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या आशाताई, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका, बघा. प्रसूती दवाखान्यात झाली, बाळाला लस टोचली, अशा एकेका कामाचा मोबदला ठरलेला. मोजता येतं ते यादीत येतं. पहिलटकरणीच्या घाबरलेल्या मनाची समजूत घालणं, दवाखान्याला नाही म्हणणाऱ्या सासूपाशी तासभर बसणं, रात्री फोन उचलणं, हे यादीत येत नाही. आणि त्यावाचून यादीतलं काही होतही नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४मध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या तेव्हा चर्चा रकमेची झाली. ती व्हायलाच हवी होती. कामाची रचना मात्र तशीच राहिली.

मोबदल्याचे दर मुंबई-दिल्लीत ठरतात, जिल्ह्याच्या हातात नाहीत. पण कोणती नोंद किती वेळा लिहायची, तीच माहिती वहीत आणि मोबाइलवर दोनदा का भरायची, बैठक कोणत्या दिवशी घ्यायची आणि दूरच्या गावातल्या ताईनं कशानं यायचं, यातलं बरंच काही इथेच ठरू शकतं. एका तालुक्यापुरता, समजा समुद्रपूरपुरता, प्रयोग करून बघावा. आशाताई, गटप्रवर्तक आणि वैद्यकीय अधिकारी एका टेबलाशी बसवावेत, सगळ्या वह्या समोर ठेवाव्यात आणि कुठली ठेवायची, कुठली बंद करायची, हे पहिल्यांदा आशाताईंना सांगू द्यावं. कुमारप्पांनी बहुधा तिथूनच सुरुवात केली असती.