करंटच्या वाटेने

मिनेसोटात एप्रिलच्या अखेरीस तळ्यांवरचा बर्फ सुटू लागतो आणि मेच्या मध्याला वॉलआय माशाचा हंगाम उघडतो. मधल्या दिवसांत गॅरेजांमधून होड्या ट्रेलरवर उभ्या असतात. समजा, तुमचीही आहे. १६ फुटी, ॲल्युमिनियमची. बॅटरी मागच्या टोकाला आणि ट्रोलिंग मोटार, म्हणजे होडी बिनआवाज हळूहळू सरकवणारी विजेची छोटी मोटार, पुढच्या टोकाला. मधली वायर अजून टाकायची आहे. हत्यारं राहू द्या. शेजारी स्टूल ओढून बसा. श्वास आपसूक संथ होईल. हात लावण्याआधी करंटबरोबर त्याच्या वाटेने एकदा मनाने चालून येऊ.

नजर बॅटरीवर ठेवा. शेजारच्या नॉर्थ डकोटात, फार्गो इथे, ओ. जी. श्मिट यांनी १९३४ मध्ये फोर्डच्या मॉडेल ए गाडीच्या स्टार्टर मोटारीला पंखा जोडून पहिली विजेची ट्रोलिंग मोटार बनवली. व्होल्ट थोडे आणि करंट पुष्कळ, हा स्वभाव तेव्हापासूनचा. १२ व्होल्टचा झटका सहसा बसत नाही, म्हणून बॅटरीची भीती वाटत नाही. पण पाना दोन्ही टर्मिनलांवर आडवा पडला तर त्यातून शेकडो अँपिअर धावतात. त्या वाटेत बोटातली अंगठी आली तर बोट भाजून निघतं. अंगठी आत्ताच काढून खिशात ठेवा.

आता लाल टर्मिनलपाशी या. इथे जरा जास्त वेळ थांबायचं आहे. ब्रेकर, म्हणजे करंट मर्यादेपलीकडे गेला की तो तोडणारा स्विच, कशासाठी बसवायचा, हे स्वतःला विचारा. मोटार जळू नये म्हणून, असं उत्तर चटकन येईल. ते बाजूला ठेवून वायरीकडे बघा. ५५ पौंड रेट्याची मोटार पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर घेते, म्हणून ६० अँपिअरचा ब्रेकर. समजा, वाटेत कुठेतरी लाल वायर सोलली गेली आणि काळीला चिकटली. बॅटरीला त्याचं काहीच कळत नाही. ती करंट देत राहते, वायर तापून वरचं प्लॅस्टिक पेटेपर्यंत. ब्रेकर पुढे मोटारीजवळ बसवला असेल तर हा सगळा प्रकार त्याच्या पाठीमागे घडतो आणि तो पडतच नाही. म्हणून त्याची जागा बॅटरीजवळ. होड्यांच्या वायरिंगसाठी अमेरिकेत पाळलं जाणारं एबीवायसी मानक साधारणपणे ७ इंचांच्या आत म्हणतं. वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून निघत असेल आणि सबंध लांबीभर वेगळ्या नळीतून नेली असेल, तर ७२ इंचांपर्यंत. ब्रेकरच्या आधी जेवढी वायर, तेवढीच नुसत्या भरवशावर सोडलेली. तेवढा तुकडा बोटाने दाखवून बघा.

पुढे चला. होडीच्या कडेकडेने वळणं घेत मोटारीपर्यंत २० फूट होतात. परतीचे २० धरायला हवेत, म्हणजे हिशेब ४० फुटांचा. १० गेजच्या वायरीत ५० अँपिअरला सुमारे २ व्होल्ट वाटेतच गळतात आणि १०० वॅटची उष्णता होते. त्याहून जाड ४ गेजमध्ये अर्धा व्होल्ट आणि २५ वॅट. ज्यूलने १८४१ मध्ये दाखवलं की उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट दुप्पट, तर ताप चौपट. जाड वायर महाग असते. तरी तीच घ्या, असं मी मनापासून सांगेन.

पण ही उष्णता ४० फुटांवर पसरलेली असते. एखाद्या ढिल्या जोडात ओहमचा शंभरावा भाग अडथळा आला, तर ५० अँपिअरला २५ वॅट त्या एका नटाच्या जागेत साचतात. छोट्या सोल्डरिंग आयर्नइतके. म्हणून एक लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारी धातूची कडी, हातात घ्या आणि नीट बघा. कल्हई केलेल्या तांब्याचे बारीक तंतू आत सारा, एकही बाहेर डोकावायला नको. क्रिंपिंग टूलने दाबा आणि मग दोन्ही हातांनी जोरात ओढा. निसटला, तर इथेच निसटला हे फार बरं झालं. जोडावरची, उष्णतेने आवळणारी स्लीव्ह कडेतून डिंक दिसेपर्यंत गरम करा. टर्मिनलवरचे विंग नट काढून टाका. लाटांच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. लॉकनट पान्याने आवळलेलाच हवा.

वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. परतीच्या वाटेसाठी होडीचा पत्रा कधी वापरू नका. भटका करंट पाण्यात ॲल्युमिनियम खातो. सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, बॅटरीची जोडणी.

आता मोटार पाण्यात आहे असं समजा. पंख्यात पाणगवत गुरफटलं. पंखा अडतो, करंट मात्र वाढतो आणि ब्रेकर पडतो. हा ब्रेकर हाताने पुन्हा चढवावा लागणारा हवा. आपोआप चढणारा असेल तर तो थंड होताच मोटारीला करंट देईल, आणि त्या वेळी तुमची बोटं गवत सोडवत असतील. हे चित्र नकोसं वाटलं तरी मनातून घालवू नका, क्षणभर बघा. पंख्याला हात लावण्याआधी वेगाचं बटण शून्यावर आणा, मोटारीचा प्लग उपसा आणि डोळ्यांसमोर दिसेल असा ठेवा. गवत निघालं की पंखा उतरवून मागचा दांडा तपासा. तिथे मासेमारीची दोरी गुंडाळलेली सापडते, आणि ती सीलपर्यंत पोचली की मोटारीत पाणी शिरतं. ती कापून काढा, पंखा बसवा. मग ब्रेकर चढवा आणि त्यानंतर प्लग लावा.