विसरायचा हक्क

माणसाला वस्तू हवी असते, पण वस्तूची कटकट नको असते. लग्न करतानाही पुष्कळांची हीच अपेक्षा असते. पण तो विषय घरात बसून लिहिण्यासारखा नाही. म्हणून मी मोटारसायकलविषयी लिहितो.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली. तिच्या गाजलेल्या इंग्रजी जाहिरातीचा मथितार्थ असा होता : पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा! त्याआधी येझदी, राजदूतवाले लोक पेट्रोलमध्ये ऑइल मापून मिसळत आणि प्लग काळा पडला की रस्त्याच्या कडेला बसून घासत. ही फोर-स्ट्रोक गाडी आली आणि मिसळामिसळ संपली. संतांनी देह विसरायला सांगितले, जाहिरातीने गाडी विसरायला सांगितले. दुसरे जास्त जमण्यासारखे असल्याने लोकांनी तेच मनावर घेतले.

यंदा मी २००८ सालची जुनी स्प्लेंडर घेतली. नमुना २९ आणि ३० भरले, सह्या केल्या आणि कायद्याने मालक झालो. आधीचे मालक निवृत्त गृहस्थ. त्यांनी किल्लीबरोबर एक दोनशे पानी वही माझ्या हाती दिली. ऑइल कधी बदलले, किती किलोमीटरला बदलले, कुठली केबल नवी टाकली, सगळे तारीखवार. एका ओळीत तर चक्क लिहिलेले : ‘दुसऱ्या गिअरला आवाज येतो.’

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला पोरगा ती वही पाहून म्हणाला, “काका, एवढं लिहून ठेवलंय तर थोडं तुम्ही पण शिका. प्लग काढायला माझ्याकडे कशाला येता?” आणि माझी शिकवणी सुरू झाली.

प्लग म्हणजे गाडीची जीभ. वैद्यबुवांसारखी ती बाहेर काढून पाहायची. टोक तांबूस-करडे असले तर प्रकृती उत्तम. कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त जाते किंवा हवा कमी मिळते. तेलकट ओले असले तर ऑइल नको तिथे चढते आहे. ऑइल बदलायचे तर इंजिन जरा कोमट असताना, म्हणजे ते पातळ होऊन नीट गळते. चेन-कव्हरचे रबरी बूच काढून चेन बोटाने वरखाली करून पाहायची. साधारण इंचभर खेळ हवा. आणि चाक फिरवून चार ठिकाणी पाहायचे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. मी म्हटले, “अजून ताणू या का जरा?” तो म्हणाला, “नको काका. माणूस बसला की ती आपोआप ताणते. आधीच घट्ट केली तर तुटायला येते.” हे वाक्य मी नंतर दोन लग्नांत वधूपित्यांना ऐकवले. दोघांनाही ते माझेच वाटले.

एका स्नेह्याने मला रॉबर्ट पिर्सिगचे १९७४ सालचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स’ आणून दिले. मोटारसायकलींविषयीही यात फार खात्रीची माहिती नाही, असे लेखकच सुरुवातीला बजावतो. पण त्यात दोन मित्र आहेत. एक स्वतःची गाडी स्वतः सांभाळतो. दुसऱ्याला गाडी प्रिय, पण तिच्या पोटात काय आहे ते ऐकायलाही नको. वाचणाऱ्याने पहिल्याच्या बाजूचे व्हावे अशी सोय आहे. मला मात्र दुसऱ्याबद्दल सहानुभूती वाटते. विसरणे हे काही पाप नव्हे. गॅस आला आणि कितीतरी बायका स्टोव्हची काजळी विसरल्या. नळ आला आणि विहिरीचा दोर सुटला. डोके एकच, माणसाने काय काय लक्षात ठेवायचे?

पण पाना हातात आल्यापासून एक गोष्ट मनात घोळते. आपण एखादी गोष्ट विसरतो तेव्हा ती आठवण नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसते. आपण नळ सोडून निर्धास्त असतो, कारण पहाटे उठून कोणीतरी व्हॉल्व्ह फिरवलेला असतो. तुम्ही म्हणाल, त्याला पगार मिळतो. खरे आहे. पण पगार हातांच्या कामाचा. मध्यरात्री दचकून उठून ‘अरे, ते राहिलं का?’ असे वाटण्याचे पैसे कोणत्याच बिलात नसतात. घरात तर बिलच नसते.

त्या गृहस्थांना वहीचे पैसे कोणी दिले? उलट टाकीला पॉलिश मारून, वही रद्दीत घालून त्यांना दोन पैसे जास्त मिळाले असते. दुसऱ्या गिअरच्या त्या ओळीने मी किंमत पाचशेने पाडली. त्यांनी ती हसत पाडू दिली. माझ्या वाटणीची आठवण त्यांनी आधीच, स्वतःच्या खर्चाने करून ठेवली होती.

परवा मीही लिहिले : ‘मागचे ब्रेक शू झिजत आलेत.’ विकताना ही ओळ मला महागात पडेल. पडो.

हे पाहून सौ. म्हणाली, “अहो, ब्रेक शू कळतात, तर गॅसची नळी कधी बदलायची ते सांगा पाहू.” मी ओट्याखाली वाकून नळीवर छापलेले साल वाचून दाखवले. पण प्रश्नाचा रोख नळीवर नव्हता, हे ओट्याखालीसुद्धा कळत होते. तिने वही ओढली आणि ते साल लिहिले. खाली आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या आणि किती वाजता. त्याखाली पाण्याची टाकी धुण्याची तारीख. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाली, “आता हे तुम्ही लक्षात ठेवायचं. मी विसरते.” आणि खरोखर शांतपणे पेपर वाचत बसली.

गाडी पुढेमागे विकायची तर वहीही द्यायला हवी, हे नीतीला धरून आहे. पण आता त्या परक्या माणसाला आईच्या गोळ्यांच्या वेळाही द्याव्या लागणार. तेव्हा गाडी विकण्याचा विचार तूर्त रहित केला आहे.