सीटखालचे अठ्ठेचाळीस व्होल्ट

गोल्फ कार्टच्या नव्या बॅटऱ्यांसाठी बॅटरीवाल्याला एवढ्यात फोन लावू नका. भाव, कंपनी, वॉरंटी हे सगळं नंतर बघू. आधी गोल्फ कार्ट सावलीत, मोकळ्या हवेत उभी करा. चावी काढून खिशात ठेवा. हातातली अंगठी, मनगटातलं घड्याळ उतरवा. दोन टर्मिनलांवर धातू आडवा पडला तर तो लाल होईपर्यंत तापतो. आता सीट उचला.

काही करू नका, नुसतं पाहा. सहा बॅटऱ्या, प्रत्येकीवर चार झाकणं. एका झाकणाखाली एक सेल, एका सेलचे दोन व्होल्ट. आठ सक अठ्ठेचाळीस. तुमच्या बॅटरीवर तीनच झाकणं असतील तर ती सहा व्होल्टची, आणि अशा आठ असतील. गाडीला काहीच फरक पडत नाही, तिला अठ्ठेचाळीस मिळाल्याशी मतलब.

नजर सावकाश फिरवा. एखाद्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली दिसेल. एखाद्या डब्याचं पोट फुगलेलं असेल. एखादी केबल टर्मिनलकडच्या टोकाशी काळवंडलेली असेल. गाडी चढावर दम टाकत होती ती कदाचित या केबलमुळेच. तसं असेल तर काम काही शे रुपयांत भागेल.

आता झाकणाखाली काय चालतं ते मनाशी आणा. शिशाच्या पट्ट्या, भोवती पातळ सल्फ्युरिक आम्ल. गाडी चालते तेव्हा आम्लातलं सल्फेट पट्ट्यांवर जाऊन बसतं आणि मागे उरतं ते जवळजवळ पाणी. चार्जर लावला की तेच सल्फेट पुन्हा आम्लात उतरतं. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने 1859 साली ही बॅटरी बनवली, आणि मुळातली क्रिया अजून तीच आहे. गाडी रिकाम्या बॅटरीवर आठवडाभर पडून राहिली, तर मात्र बसलेलं सल्फेट कडक होतं. मग ते पूर्ण उतरत नाही. पट्टीचा तेवढा भाग गेला तो गेला.

इथे जरा थांबा आणि विचारा, या सहा गेल्या कशाने? नव्या निवडताना हाच प्रश्न सगळ्यात जास्त उपयोगी पडतो आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. पाणी कमी पडून पट्ट्या उघड्या पडल्या? चार्जर मध्येच बंद पडत होता? दिवाळीच्या सुट्टीत गाडी तशीच उभी होती? की खरंच वय झालं?

मल्टिमीटर हाती घ्या. पूर्ण चार्ज करून काही तास निवांत ठेवलेली आठ व्होल्टची चांगली बॅटरी साधारण 8.4 ते 8.5 दाखवते. पाच जणी तशा आणि सहावी 6.4, तर तिचा एक सेल डाऊन. हायड्रोमीटरने आम्लाची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनताही बघा, प्रत्येक सेलची वेगवेगळी. आकडा 1.260च्या आगेमागे असतो, उष्ण प्रदेशासाठी काही कंपन्या तो थोडा कमी ठेवतात. आकड्यापेक्षा सेलांमधली तफावत बोलकी असते.

एकच गेली असेल तर एकच बदलायचा मोह होईल. बाकीच्या वर्षा-दोन वर्षांच्या आणि धडधाकट असतील तर ठीक. एरवी मोह आवरा. सहाही जणींतून एकच करंट वाहतो, आणि थकलेल्या आधी रिकाम्या होतात. नवी मग वॉरंटी संपायच्या आत त्यांच्या पंगतीला जाऊन बसते.

आता डोळे मिटून गाडीचा एक दिवस आठवा. आपल्याकडे यातल्या बऱ्याच गाड्या गोल्फ खेळायला जातच नाहीत. हॉस्पिटलच्या आवारात, रिसॉर्टवर, मोठ्या सोसायटीत गेटपासून शेवटच्या इमारतीपर्यंत फिरतात. किती फेऱ्या? किती चढ? किती माणसं? फेऱ्या थोड्या असतील तर बारा व्होल्टच्या चार चालतील. स्वस्त आणि हलक्या, पण साठा कमी. दिवसभर चढ-उतार असेल तर सहा व्होल्टच्या आठ, जागा असेल तरच. मोटारगाड्या सुरू करायची बारा व्होल्टची बॅटरी कुणी स्वस्तात देऊ केली तर हात जोडा. तिच्या पातळ पट्ट्या क्षणभर जोराचा करंट द्यायला असतात, रोज खोलवर रिकामं व्हायला नव्हे.

लेबलवरच्या एएचकडेही, म्हणजे अँपिअर-तासांकडेही, जरा संशयाने बघा. 170 एएच म्हणजे वीस तासांत हळूहळू काढले तर. गाडी एवढी हळू कुठे पिते? 75 अँपिअरवर किती मिनिटं, ते विचारा.

राहिलं लिथियम. 51.2 व्होल्ट, 105 एएचचा पॅक म्हणजे सुमारे 5.4 युनिट. शिशाच्या सहा मिळून 8.2 युनिट भरतात, पण आयुष्य हवं तर निम्म्याच्या खाली उतरायचं नाही, म्हणजे हाती चारच. वजन तर 170 किलोच्या जागी पन्नासच्या आसपास. मात्र चार्जर बदलावा लागतो, आणि व्होल्टेजवर चालणारा जुना काटा शेवटपर्यंत टाकी भरलेलीच दाखवत राहतो.

माझं मत विचाराल तर निवड इथे पैशावर नाही, पाण्यावर होते. दर महिन्याला झाकणं उघडून, चार्ज पूर्ण झाल्यावर, डिस्टिल्ड वॉटर घालणारा माणूस नावानिशी सांगता येतो का? येत असेल तर शिसं घ्या, बिनधास्त. ‘कमिटी बघेल’ असं उत्तर आलं तर लिथियम. कमिटी काही बघत नाही, बदलत राहते.

शिसं ठरलं तर सहाही एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यातल्या मागा. जुनी जोडणी सोडण्याआधी केबलींचा फोटो काढा. जुन्या बॅटऱ्या वजन करूनच परत द्या, शिशाला भाव असतो. आणि पहिले काही आठवडे गाडी अपेक्षेएवढी पळाली नाही, तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. शिशाच्या नव्या बॅटरीला पुरी ताकद यायला काही डझन वेळा चार्ज व्हावं लागतं. तोवर फेऱ्या थोड्या कमी ठेवा.