थकलेला घोडा

बदलापूर या नावामागे एक लोककथा सांगितली जाते. कोकणातून गुजरातकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे मुक्कामाचे गाव. लांबून दौडत आलेले स्वार येथे थांबत, थकलेला घोडा सोडून ताजा घोडा घेत आणि पुढे निघत. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून ते बदलापूर. ही व्युत्पत्ती विद्वानांनी हवी तशी पारखून घ्यावी. मला तिच्यातील एक गोष्ट मोलाची वाटते. आपले ओझे वाहणारा जीव थकतो आणि त्याला थांबण्याचा हक्क आहे, ही कबुलीच या गावाचे नाव होऊन बसली आहे.

आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत. आपल्या मुलांना घोड्यावर बसण्याची हौस वाटली, तर आपण त्यांना माथेरानला नेतो. बदलापूरनंतर वांगणी, शेलू आणि मग नेरळ. इतके ते जवळ. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि माथेरान थंड हवेचे ठिकाण म्हणून पुढे आले. १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी सुरू झाली. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात; तेथून पुढे तांबड्या मातीच्या वाटा, दाट झाडी आणि घोडे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सहकुटुंब तेथे गेलो होतो. मुलासाठी एक घोडा ठरवला. तीन पॉईंट दाखवून परत आणायचे, असे बोलणे झाले. मी घोडेवाल्याबरोबर पायी चालत होतो. पहिला पॉईंट झाला. दुसऱ्याच्या चढणीवर घोडा थांबला. घोडेवाल्याने लगाम ओढला, दोनदा हाक दिली, आणि मग काठी उगारली. मुलगा वरून म्हणाला, “बाबा, मला उतरायचंय.” त्याला उतरवताना खोगीर किंचित सरकले आणि पट्ट्याखालची ओली जखम मला दिसली.

मी रागावलो. “भाऊ, अशा जनावरावर तुम्ही पोराला बसवता?” असे मोठ्याने बोललो. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, जखम मलाबी दिसते. पण सीझन दोन महिन्यांचा. घोडा बारा महिने खातो.” मी त्याला जनावरांवरील दयेविषयी चार शब्द ऐकवले, ठरलेल्या भाड्यापैकी निम्मे पैसे हातावर ठेवले आणि मुलाचा हात धरून चालू लागलो. प्रवास निम्माच झाला होता. हिशेब चोख होता. मनात समाधान असे की, आज आपण एका मुक्या प्राण्याची बाजू घेतली.

संध्याकाळी गाडीत पत्नीने एवढेच विचारले, “उरलेल्या पैशांसाठी तो आज त्याच घोड्यावर दुसऱ्या कोणाला तरी बसवील, नाही का?”

त्या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप शोधत आहे. प्राण्याचा उपयोग करून घेणे पाप आहे काय? आपल्या धर्मसभेची शिकवण तसे सांगत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक श्रद्धाग्रंथात प्राणी ही परमेश्वराची निर्मिती असून माणसाने त्यांच्याशी ममतेने वागावे असे सांगितले आहे. कामासाठी आणि विरंगुळ्यासाठी त्यांना माणसाळवण्याची मुभाही तेथेच आहे. परंतु विनाकारण त्यांना यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, अशी मर्यादा लगेच घातलेली आहे. देशाचा कायदाही याच दिशेचा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जखम, व्रण, व्याधी किंवा वार्धक्य यांमुळे अपात्र झालेल्या जनावराला कामास लावणे हा गुन्हा आहे. तेव्हा जखमी घोड्यावरून मुलाला उतरवले यात माझे काही चुकले नाही. चूक त्यानंतर घडली.

निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात शब्बाथाविषयी एक आज्ञा आहे. सातव्या दिवशी काम थांबवायचे ते कशासाठी? बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा, तसेच दासीच्या मुलाला आणि परक्यालाही हुशारी वाटावी म्हणून. राबणारे जनावर आणि राबणारा गरीब माणूस यांना परमेश्वराने एकाच वाक्यात बसवले आहे. त्याच अध्यायात, वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तरी निघून जाऊ नये, त्याला साहाय्य करावे, असे सांगितले आहे. गाढवाच्या मालकाला उपदेश करून पुढे जावे, असे तेथे म्हटलेले नाही. ओझ्याला हात लावायचा आहे.

मी ओझ्याला हात लावला नाही. घोड्याच्या विसाव्याची किंमत मी घोडेवाल्याच्या खिशातून वसूल केली. दया माझी आणि तिचा खर्च त्याचा, असा तो व्यवहार होता.

समाज म्हणूनही आपल्यापुढे हाच प्रश्न उभा आहे. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, आणि त्याबरोबरच त्यांवर पोट भरणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा विचार करण्यास शासनाला सांगितले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. पण तेथेही रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांची उपजीविका सांभाळण्याची जबाबदारी शासनावर टाकली. बंदी आणि भाकरी यांचा विचार एकत्र व्हावा लागतो. नाहीतर करुणेचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर पडतो.

मग घोड्यावर बसावे की न बसावे? झावळ्यांच्या रविवारचा प्रसंग मला येथे आठवतो. मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शिंगरू आणावयास दोन शिष्यांना पाठवतो, तेव्हा लोकांनी विचारल्यास काय सांगावे हेही शिकवून ठेवतो: प्रभूला याची गरज आहे, आणि तो ते लवकरच परत पाठवील. राजा म्हणून नगरीत प्रवेश करतानाही त्याला वाहन उसने असल्याचा विसर पडत नाही. त्याने स्वारी केली. पण ज्याचे जनावर त्याला ते परत मिळेल, असे वचन आधी दिले. स्वार, जनावर आणि धनी या तिघांचाही तेथे मान राखला गेला.

आपल्या सहलींनाही हे माप लावता येईल. घोडा ठरवताना भावाबरोबर त्याची पाठही पाहावी. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याहून अधिक ओझे वाहू नये, असे जाणकार सांगतात. म्हणजे अडीचशे किलोच्या तट्टावर पन्नास किलो. खोगिराचे वजनही त्यातच आले. आपल्यापैकी बहुतेक मोठ्या माणसांनी पायी चालावे, एवढा त्याचा साधा अर्थ आहे. चढणीवर लहानांनीही उतरावे. आणि घोडा थकलेला किंवा दुखावलेला दिसला, तर स्वारी तेथेच संपवून भाडे मात्र पूर्ण द्यावे, आणि आज याला आराम द्या, अशी विनंती करावी. तो ती मानीलच असे नाही. परंतु पुरे पैसे हाती आल्यावर ती मानणे त्याला शक्य तरी होईल. निम्मे पैसे देऊन मी त्याच्यापुढे तेवढीही वाट ठेवली नव्हती.

त्यानंतर मी पुन्हा एकदा माथेरानला गेलो. दस्तुरी नाक्यावर त्या घोडेवाल्याला शोधले. चेहरा नीट आठवत नव्हता, नाव तर मी विचारलेच नव्हते. घोड्याची जखम आठवत होती, पण ती आता कोणत्या पाठीवर शोधणार? उरलेले निम्मे भाडे अजून माझ्याकडे देणे आहे.

घरी परतताना गाडी बदलापूरच्या फलाटावर थांबली. कोणे एके काळी येथे स्वार उतरत आणि घोडा विसावा घेत असे. त्या विसाव्याच्या दाण्या-वैरणीचे पैसे कोणी तरी मोजत असणार. लोककथेत त्याचा उल्लेख येत नाही.